गौरीचं ट्रायग्लिसराइड

गाढवीण चार दिवस जेवली नव्हती आणि तिचा मालक त्यावर खूश होता.

"मॅडम, पोट बघा. आत गेलंय ना थोडं?" कुलथेसाहेबांनी मला गोठ्याच्या दारातच विचारलं.

मी पोट बघितलं नाही. कान बघितले. धडधाकट गाढवाचे कान एका जागी राहत नाहीत. कुठे पत्रा वाजला, कुठे बादली ठेवली, सगळ्याचा हिशेब कान ठेवतात. गौरीचे दोन्ही कान बाजूला लोंबत होते. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. समोर चाऱ्याची पाटी भरलेली. लीद अगदी थोडी, सुक्या गोळ्यांची, वर चिकट बुळबुळीत थर.

"हिला केव्हापासून खायला दिलं नाही?"

"दिलं नाही असं नाही. डाएटवर ठेवलंय. तीन आठवडे झाले. पहिले दिवस फार ओरडायची. आता चार दिवस स्वतःहून खात नाही. विलपॉवर आली बघा."

मी तेव्हा नाशिकला खासगी प्रॅक्टिस करत होते. गाई, म्हशी, कुत्री, आणि अधूनमधून एखादं तालेवार मांजर. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली होती. गिरणारे रस्त्याला द्राक्षबागांच्या मधे मधे फार्महाऊस उगवत होते. त्यातला एक कुलथेसाहेबांचा. सातपूरला त्यांची इलेक्ट्रिकल पॅनलची फॅक्टरी. शनिवार-रविवार फार्मवर पाहुणे यायचे. पाहुण्यांच्या मुलांना बसायला म्हणून गाढवं ठेवली होती.

साहेबांची बायपास झाली होती. त्यानंतर माणसं दोन प्रकारची होतात. एक घाबरून गप्प बसतात. दुसरे इतरांना घाबरवत सुटतात. साहेबांनी फॅक्टरीच्या कॅन्टीनमधला बटाटेवडा बंद केला होता. आणि अमेरिकेतल्या मुलाने त्यांना एक मशीन पाठवलं होतं. मोबाईलएवढं. बोटातून रक्ताचा थेंब काढायचा, पट्टीवर टाकायचा, पट्टी मशीनमध्ये सरकवायची. दोन-तीन मिनिटांत ट्रायग्लिसराइडचा आकडा. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. दुसऱ्या फार्मवर पाहुण्यांना वेलकम ड्रिंक मिळायचं, इथे आधी सुई मिळायची.

असा माणूस एका सकाळी आपल्या गाढविणीकडे बघतो आणि त्याला तिची मान दिसते. गौरीच्या मानेवर चरबीचा असा कंगोरा चढला होता की तो एका बाजूला कलंडला होता. पाठीवर मधोमध पन्हळ. काम काही नाही, आणि दर रविवारी तीस-चाळीस मुलांच्या हातची बिस्किटं. तिचं वजन जास्त होतं, यात साहेब शंभर टक्के बरोबर होते. त्यापुढचं सगळं चुकलं होतं.

 मला जो संशय आला तो आजार मी पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. आमच्या पुस्तकात तो एका परिच्छेदात होता आणि परीक्षेला कधी आला नव्हता. तो होतो लठ्ठ गाढवांना आणि लठ्ठ तट्टांना. आमच्याकडची गाढवं म्हणजे बरगड्या. लठ्ठ गाढव बघायला पुरेसा श्रीमंत मालक लागतो.

आजार साधा आहे, म्हणजे समजायला. जनावर खायचं थांबलं की शरीर अंगावरची चरबी मोडून चालवायला घेतं. आपलंही घेतं. पण गाढवाला एकदा हा नळ सुरू झाला की बंद करता येत नाही. चरबी रक्तात येतच राहते. लिव्हर भरतं, किडनी भरते. जनावर आणखी मलूल होतं, म्हणून आणखी खात नाही, म्हणून आणखी चरबी सुटते. जितकं लठ्ठ, तितका साठा मोठा. बरेचसे यातून वाचत नाहीत.

"साहेब, तुमचं मशीन आणा."

"माझं? गाढवाला?"

"रक्तच आहे. लाल आहे."

मशीन माणसाचं होतं. गाढवाच्या रक्तावर त्याचा आकडा किती खरा, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण भयंकर जास्त आहे की नाही, एवढं तरी कळेल असा माझा अंदाज. मानेच्या शिरेतून रक्त घेतलं. एक थेंब पट्टीवर टाकला, उरलेलं काचेच्या नळीत भरून खिडकीत उभं ठेवलं.

गौरीला धरायला यमुनाबाई होत्या. पेठकडच्या डोंगरातल्या, पन्नाशीच्या. सहा वर्षांपूर्वी दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर बागेच्या कामाला आल्या त्या फार्मवरच राहिल्या. गाढवांचं सगळं त्याच करायच्या. त्या दिवशी त्या एक शब्द बोलत नव्हत्या. कारण मला नंतर कळलं. गौरीला चोरून नागलीची भाकरी चारताना वॉचमनने त्यांना पकडलं होतं आणि साहेबांनी महिनाअखेर कामावरून जायला सांगितलं होतं.

मशीनने विचार केला. स्क्रीनवर आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं आली.

"काय म्हनतंय?" यमुनाबाईंनी न राहवून विचारलं.

"हाय," साहेब म्हणाले.

"हाय ना? मंग बरं. मला वाटलं, नाय म्हनतंय."

हाय म्हणजे मशीनला मोजता येतं त्याच्याही वर. मला जे नको होतं तेच. साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, गौरीकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. रोगनिदान त्यांनी तीन आठवड्यांपूर्वीच केलं होतं.

"बघा! मी म्हणत नव्हतो? डाएट अजून कडक करू."

"डाएट आत्ता बंद. तिच्या पोटात आज काही गेलं नाही, तर परवा तुम्हाला खड्डा खणावा लागेल."

"ट्रायग्लिसराइड हाय असताना खायला घालायचं? मॅडम, माझ्या कार्डिऑलॉजिस्टने हे ऐकलं तर?"

"त्यांनी किती गाढवं बरी केलीत?"

साहेब विचारात पडले. मला जे उत्तर सुचलं होतं ते मी गिळलं.

तोपर्यंत खिडकीतल्या नळीतलं रक्त खाली बसलं होतं. रक्त असं ठेवलं की खाली लाल गोळा जमतो आणि वर पिवळसर पाणी राहतं, त्यातून पलीकडचं दिसतं. गौरीच्या नळीत वर दूध होतं. चहाला चालेल असं.

साहेब नळीकडे बघत राहिले. पण इंजिनिअर माणूस. "हाय म्हणजे किती हाय? आकडा पाहिजे. प्रॉपर लॅबमधून."

आकड्याने उपचार बदलणार नव्हते. पण मालकाची परवानगी नसेल तर उपचारच होणार नव्हते. म्हणून मी सॅम्पल ड्रायव्हरबरोबर शहरातल्या एका लॅबला पाठवलं. लॅब माणसांची. चिठ्ठीवर मी 'गाढव' असं स्वच्छ लिहिलं होतं. काउंटरवरच्या मुलीला तो कुणाचा तरी राग वाटला असावा. तिने ते सोडून दिलं आणि नोंद केली: गौरी कुलथे, स्त्री, वय आठ.

दोन तासांनी लॅबच्या डॉक्टरांचा मला फोन आला.

"मॅडम, सॅम्पल अगदी दुधाळ आहे. पेशंट उपाशी होती का?"

"चार दिवस."

"चार दिवस? अहो, बारा तास पुरतात."

"डॉक्टर, ते गाढव आहे."

 "आठ वर्षांच्या मुलीला असं बोलू नये, मॅडम."

मी खुलासा केला. ते मनापासून हसले आणि फोन ठेवला. रिपोर्ट मात्र आधीच छापून झाला होता. ड्रायव्हरने तो आणून थेट साहेबांच्या हातात दिला. आकडा नव्हता. 'सॅम्पल तपासणीयोग्य नाही. बारा तास उपाशी राहून पुन्हा द्यावे.' आणि खाली, सगळ्याच रिपोर्टवर छापलेल्या ओळी: तूप, लोणी, साखर टाळा. रोज पाऊण तास भरभर चाला.

साहेबांनी तो कागद माझ्यासमोर धरला. वकिलाने धरावा तसा.

"ठीक आहे," मी बॅग उचलली. "मी निघते. तुम्ही हिला पाऊण तास भरभर चालवा."

साहेबांनी दोर हातात घेतला. खरंच घेतला. हलकेच ओढला. गौरीने एक पाय उचलला, तिचा तोल गेला आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. मान आणखी खाली गेली.

साहेबांनी दोर सोडला.  मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऑपरेशनच्या आधी मी असाच उभा राहायचो. टेबलाला धरून. कुणाला सांगितलं नव्हतं." मग आवाज चढवून, "करा काय करायचं ते. साखर घाला, काय घाला."

नाकातून पोटापर्यंत नळी घातली. ग्लुकोजचं पाणी, पातळ पेज, पुन्हा ग्लुकोज. शिरेतून सलाईन. दिवसभर दर तीन-चार तासांनी हेच. साहेब प्रत्येक बाटली आत जाताना डोळे मिटायचे.

आता मुख्य प्रश्न. हा आजार सहसा एकटा येत नाही. आधी दुसरं काहीतरी होतं, त्याने जनावर खायचं सोडतं, आणि मग हा शिरतो. डाएटने पाया घातला होता हे नक्की. पण कमी मिळालेलं जनावर समोरचं चाटूनपुसून खातं, पाटी भरलेली सोडत नाही. चार दिवसांपूर्वी काहीतरी झालं होतं. मी दात बघितले. खूर बघितले. ताप नाही, पोटात कळ नाही.

"साहेब, चार दिवसांपूर्वी काय बदललं?"

"काहीच नाही. सगळं सेम."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. गौरी तशीच. मशीन: हाय. मी पहिल्यांदा मनात कबूल केलं की ही जाणार. साहेब फॅक्टरीच्या फोनवर दूर कुठेतरी ओरडत होते. मी नळी धुवत होते. यमुनाबाई बादली घेऊन शेजारी उभ्या.

"मॅडम, बोलू का?"

"बोला की."

"मला तसं बी घालवलंच हाय. बोलते. ती शिरप्यापायी झुरती."

"कोण शिरपा?"

त्यांनी गोठ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे बोट केलं. स्वच्छ झाडलेला, रिकामा. मला वाटलं होतं ती सामानाची जागा आहे. दोन दिवस मी त्याच जागेत माझी बॅग ठेवत होते.

"तिचा जोडीदार. म्हातारा हाय. सहा वर्सं एका दावनीला. तो पानी प्याला का मंगच ही प्यायची. साहेबांनी त्याला टेम्पोत घालून दिला. टेम्पो गेला तवापासून हिनं तोंड नाय लावलं कशाला. लय वरडली पयल्या दिशी. साहेबांना वाटलं भुकंनं वरडती."

"मग तुम्ही सांगितलं नाहीत?"

"इचारलं कुनी?"

बरोबर होतं. मी दात विचारले होते, खूर विचारले होते. सहा वर्षं तिला चारा घालणाऱ्या बाईला 'जरा नीट धरा' याखेरीज एक शब्द विचारला नव्हता. डिग्री भिंतीवर लावलेली असते ती आपल्यालाच दिसावी म्हणून.

गाढवं जोडीने राहतात. नर-मादीच पाहिजे असं नाही. कुणाचंही कुणाशी जमतं, आणि जमलं की सुटत नाही. जोडी तुटली की काही गाढवं खायचं सोडतात. हेही त्याच परिच्छेदात होतं, शेवटच्या ओळीत.

साहेबांचा फोन संपायची वाट बघितली. "शिरपा कुठे आहे?"

"तो? तो डिस्पोज केला. अंगावरचे केस गेलेले, मॅडम. पाहुण्यांच्या फोटोत यायचा. एकलहऱ्याकडचा एक वीटभट्टीवाला आहे, त्याला दिला. त्याने एक ट्रॉली विटा दिल्या."

"तुम्ही म्हणालात, काही बदललं नाही."

"गौरीचं काही बदललं नाही असं म्हणालो." मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिनिअरच्या डोक्यात पडतो तेव्हा पूर्ण पडतो. "म्हणजे ती... त्याच्यासाठी? गाढवं?"

"ते मशीन लावून बघता येणार नाही. शिरपाला आणूनच बघावं लागेल."

साहेबांनी पिकअप दिली. बरोबर यमुनाबाईंना घेतलं. एकलहऱ्याला पॉवर स्टेशनच्या चिमण्या लांबूनच दिसतात. भट्टी तिथून थोडी पुढे. मालक निवृत्तीभाऊ, डोक्याला उपरणं. त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझा परिच्छेद मलाच खोटा वाटायला लागला.

"गाढवीन झुरती म्हनून गाढव परत?"

"हो."

"डॉक्टरीनबाई, माझी बायको म्हायेरी गेली तवा मी दोन टाइम जेवलो. सीझन चालू हाय. जनावर नाय देनार."

"विटा परत देतो म्हणालेत साहेब."

"विटा माझ्याकडं कमी हायेत का?"

भट्टीवर विटांचा डोंगर होता. प्रश्न रास्त होता.

शिरपा कोपऱ्यात उभा होता. पाच दिवसांत पाठीवर तळहाताएवढी जखम. आयुष्यभर पोरं पाठीवर बसली होती, विटा पहिल्यांदाच. बाकीच्या गाढवांच्या पाठीही काही बऱ्या नव्हत्या.

"हा महिनाभर ओझं उचलणार नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. "उचललं तर जखमेत किडे पडतील. तुमचीच बाकीची अकरा बघा. त्यातली चार तर एका आठवड्यात बसतील. मी आत्ता सगळी बघते. जखमा साफ करते, औषध देते, जंताचं देते. हा मला द्या."

निवृत्तीभाऊंनी अकरा गाढवांकडे बघितलं, मग एका शिरपाकडे.

"अकराच्या अकरा?"

"अकराच्या अकरा."

"आन् माझा गुडघा बी दुखतो."

"तो माझ्या खात्यात येत नाही."

दहा वाजता सुरुवात केली, दोनला संपलं. राखेने डोळे चरचरत होते. एका गाढवाने मला लाथ मारली, दुसऱ्याने बाही फाडली. यमुनाबाई प्रत्येकाचा कान धरून त्यांच्या बोलीत काहीतरी सांगायच्या आणि तो गप्प व्हायचा. मला चार वर्षांत कॉलेजने ते शिकवलं नव्हतं. शिरपा मात्र आम्ही आल्यापासून, त्यांचा आवाज ऐकून, दोर ताणून उभा होता. पिकअपचं फळकूट खाली टाकलं तसा स्वतःहून चढला.

फार्मवर पोहोचलो. साहेब गेटपाशीच. मला वाटलं होतं, आता भेटीचा प्रसंग होईल. शिरपा उतरला, गौरीच्या अंगावरून तिच्याकडे ढुंकूनही न बघता गेला आणि तिच्या पाटीतला भाताचा पेंढा खायला लागला. पाच दिवस तिने न शिवलेला.

गौरीचा एक कान उभा राहिला. मग दुसरा. ती भिंतीपासून सुटली, दोन पावलं टाकली, मध्ये थांबली.  मग तिने येऊन त्याच्या मानेवर मान टाकली. बराच वेळ तशीच उभी होती. त्याला काही फरक पडला नाही, तो खात होता. शेवटी तिने त्याच्या तोंडातून बाहेर आलेली पेंढ्याची काडी धरली आणि ओढून घेतली. चावली.

"चारा मोजला नाही," साहेब पुटपुटले. त्यांचे डोळे भरले होते, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही.

ती लगेच बरी झाली नाही. आणखी दोन दिवस नळी चालू ठेवली. रोज सकाळी रक्त. हाय. पुन्हा हाय. पण खिडकीतल्या नळीतलं दूध पातळ होत चाललं होतं, आणि माझा मशीनपेक्षा नळीवर जास्त विश्वास होता. पाचव्या दिवशी स्क्रीनवर पहिल्यांदा आकडा आला. आकडा वाईटच होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. यमुनाबाईंना वाटलं मशीन बिघडलं.

दोन आठवड्यांत वरचं पाणी स्वच्छ झालं. तोवर साहेबांच्या सगळ्या पट्ट्या गौरीवर संपल्या होत्या. नव्या अमेरिकेहून यायला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत साहेबांची तब्येत उत्तम होती.

गौरीचं वजन कमी करायचं होतंच. ते वर्षभर, हळूहळू, पेंढा भरपूर आणि बिस्किटं बंद, असं केलं. पाहुण्यांच्या हातची बिस्किटं बंद करणं सगळ्यात अवघड गेलं. गाढवाला समजलं, पालकांना नाही. शिरपाची पाठ भरली. केस काही आले नाहीत. यमुनाबाईंना काढलं नाही. उलट साहेबांनी त्यांना 'ॲनिमल वेलनेस इनचार्ज' असं छापलेला टी-शर्ट दिला. तो त्यांनी धुऊन गौरीची पाठ पुसायला वापरला. भाकरी त्यांनी सोडली का, हे मी विचारलं नाही.

मी एकच बदल केला. माझ्या केसपेपरवर सगळ्यात वर मालकाचं नाव असायचं. मी नवे छापायला टाकले आणि त्याच्याही वर एक ओळ घातली: 'चारा कोण घालतं?' छापखानेवाल्याला ती प्रुफातली चूक वाटली. त्याने दोनदा ती ओळ खाली, मालकाच्या सहीनंतर नेऊन ठेवली. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन मशीनपाशी उभी राहिले.